बांधलेला पाइप आणि अडवलेला पाइप

चाकांचं विचारा : वाचकांचे प्रश्न, निवृत्त मोटार वाहन निरीक्षकाची उत्तरं

पावसाआधी गटारं, मोऱ्या, व्हाळावरची लहानसहान कामं उरकायची सगळीकडे घाई असते. त्यामुळे या वेळचं टपाल जवळजवळ सगळं ह्यूम पाइपांचंच, म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या पाइपांचंच आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण बाकीच्या पत्रांचीही निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : माझी दहाचाकी गाडी आहे, मी स्वतःच चालवतो. कुंडईहून केप्याकडे मोरीच्या कामासाठी १००० मिलिमीटरचे सात ह्यूम पाइप नेत होतो. बाजूचे फाळके (हौद्याच्या उघडत्या कडा) उतरवून पाइप गाडीच्या रुंदीत आडवे घातले होते, खाली पाच आणि वर दोन. वजनकाट्याची पावती जवळ होती, वजन आरसीतल्या मर्यादेत होतं. नायलॉनची जाड दोरी चार ठिकाणी वरून ओढून बांधली होती. तरी फोंड्याच्या अलीकडे अडवलं आणि माल हौद्याबाहेर आला म्हणून २०,००० रुपयांचा तालांव (दंडाची पावती) हातात दिला. वर ‘हे पाइप बांधलेलेच नाहीत’ असंही ऐकवलं. बाहेर होतं ते फक्त सॉकेट, म्हणजे पाइपचं रुंद तोंड, चार बोटं. भाऊ, वजन बरोबर असताना हा अन्याय नव्हे का?
ट्रकमालक, धारबांदोडा

उत्तर : २०,००० रुपये म्हणजे किती फेऱ्यांची कमाई, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण तालांव चुकीचा नाही. तो कशाबद्दल आहे ते समजून घ्या, कारण उद्या असेच पाइप पुन्हा तुम्हालाच न्यायचे आहेत.

वजनाची पावती आणि मालाचा आकार या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीत त्याच कलमाला १९४ (१अ) हे पोटकलम जोडलं गेलं. माल हौद्याच्या बाजूंबाहेर गेला, किंवा पुढे, मागे वा उंचीत मर्यादेबाहेर गेला, तर २०,००० रुपये दंड आणि तो माल उतरवण्याचा खर्चही आपला. त्यात ‘चार बोटं चालतील’ असं कुठे लिहिलेलं नाही. पुष्कळ जण म्हणतात की २.६ मीटरपर्यंत चालतं. २.६ मीटर ही गाडीच्या रुंदीची कमाल मर्यादा आहे, हौद्याबाहेर माल काढायची परवानगी नव्हे.

तुमची गफलत मोजमापात झाली असणार. पाइपची लांबी २.५ मीटर सांगतात ती जमिनीत जोडल्यावर मिळणारी लांबी. सॉकेटच्या खोबणीत पुढच्या पाइपचं टोक जेवढं शिरतं, तेवढी लांबी त्यात धरलेली नसते. म्हणून कागदावरचे अडीच मीटर बघून ‘बसेल’ म्हणू नका. टेप घ्या आणि पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. हौद्याच्या रुंदीत बसला तरच आडवा घाला. नाहीतर लांबीच्या दिशेने घाला, किंवा रुंद सपाट प्लॅटफॉर्मची गाडी मागवा. लांबीत घातले तर पाइप कमी बसतील आणि फेऱ्या वाढतील. ते भाडं ठरवतानाच कंत्राटदाराशी बोलून घ्या, पाइप चढवून झाल्यावर नव्हे.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण मला काळजी त्याची आहे. ‘पाइप बांधलेलेच नाहीत’ हे बोल तुम्हाला लागले, पण ते बरोबर होते. तुमचे पाइप दोरीने बांधलेले होते, अडवलेले नव्हते.

१००० मिलिमीटरचा एनपी-३ वर्गाचा (हा पाइपच्या मजबुतीचा दर्जा) एक पाइप, भिंतीची जाडी ११५ मिलिमीटर धरली, तर अडीच टनांच्या घरात जातो. सात पाइप म्हणजे साडेसतरा टन. अमेरिकेच्या ट्रक-नियमांत माल बांधताना पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के रेटा धरतात, बाजूला आणि मागे ५० टक्के. करकचून ब्रेक दाबला की काय होतं, त्याचा हा हिशेब आहे. तुमच्या मालाला तो लावला तर पुढे १४ टन रेटा, आणि पुढे काय, तर केबिनची पाठ. तुमच्या वाटेवर फर्मागुडीचा उतार आहे, पुढे बोरीच्या पुलाकडे उतरणारा रस्ता आहे. तिथे एखादं पोर सायकल घेऊन आडवं आलं, तर ब्रेक दाबावाच लागेल.

आपल्या गोव्याचे ड्रायव्हर माल भरायला शिकले ते चिरे, रेती आणि खनिजावर. हा माल आपल्याच वजनाने जागेवर बसतो. चिऱ्यांची गाडी नीट रचली की दोरी फक्त वरची थर सांभाळते. पाइपचं तसं नाही. तो हौद्याला एका रेषेत टेकलेला असतो, आणि त्याला घसरायचीसुद्धा गरज नाही, तो गडगडतो. तुमची दोरी गाडीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला, म्हणजे पाइपच्या लांबीवरून गेली होती. पाइप फिरू लागला की अशी दोरी त्याला धरत नाही, त्याच्याबरोबर पुढे सरकते आणि दोन पाइपांमधल्या खाचेत ढिली होऊन पडते. दोरी कितीही जाड असली तरी हेच होणार.

म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी खालची रांग अडवायची, मग सगळ्यांना बांधायचं. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा पाइप हलता कामा नये. पुढे मजबूत हेडबोर्ड (केबिनमागची हौद्याची भिंत) असेल तर पाइप त्याला भिडवा, नाहीतर लाकडी ठोकळे लावा. ठोकळा म्हणजे साइटवर सापडलेली फळी किंवा चिऱ्याचा तुकडा नव्हे. चिरा दाबाखाली फुटतो. अमेरिकेच्या नियमात लाकडी ठोकळा कमीत कमी १० बाय १५ सेंटिमीटरचा लागतो. तो पाइपला घट्ट भिडलेला हवा आणि पाइपखालून सटकू नये असा पक्का केलेला हवा. पाइपच्या एका अंगाला मधोमध एक लांब ठोकळा लावला, तर दुसऱ्या अंगाला दोन्ही टोकांशी एकेक लावायचा. आपल्या गाड्यांना लाकडी पाटा (हौद्याचा तळ) असतो तिथे खिळे मारता येतात. पत्र्याचा पाटा असेल तर त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घ्या, ठोकळा त्यांना अडतो. हे काम फोंड्यातला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल.

सॉकेट पाट्याला टेकू देऊ नका. खाली दोन लांब वासे घाला म्हणजे सॉकेट अधांतरी राहील आणि पाइप अंगावर बसेल. सॉकेट टेकलं की पाइप तिरका राहतो, डुलतो, आणि सॉकेटची कडही उडते. मग साइटवर इंजिनिअर तो पाइप परत पाठवतो. एकच थर असेल तर आडव्या पाइपांची सॉकेटं आलटून पालटून ठेवा, एकाचं डावीकडे, पुढच्याचं उजवीकडे. वरचे पाइप खालच्या दोन पाइपांमधल्या खाचेतच बसले पाहिजेत. वर दोनच होते म्हणता, ते पहिल्या खाचेपासून ठेवले होते की मागच्या चाकावर वजन यावं म्हणून मागे? पहिली खाच रिकामी असेल, तर वरच्या रांगेतल्या पुढच्या पाइपला मागे ओढणारी वेगळी साखळी लागते.

बांधायची पद्धत अशी. पुढच्या पाइपच्या पोटातून साखळी घालून ती तिरकी मागे ओढायची, मागच्याच्या पोटातून घालून पुढे. म्हणजे सगळी रांग एकमेकांवर आवळली जाते. साखळीचा पाट्याशी कोन ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर ती पाइपला फक्त खाली दाबते, मागे धरत नाही. पुढे, १,१४३ मिलिमीटरपर्यंतच्या आतल्या व्यासाच्या पाइपांसाठी त्या नियमात सोपी रीत आहे. प्रत्येक पाइप स्वतंत्र बांधा, किंवा सगळ्यांवरून लांबीच्या दिशेने अर्धा इंच जाडीची एक अथवा तीन सूत (३/८ इंच) जाडीच्या दोन साखळ्या घाला आणि दर दहा फुटांवर त्यांच्यावरून एक आडवी बांधणी घ्या. सगळ्या बांधण्यांची मिळून सुरक्षित ताकद मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नको. तुमच्या साडेसतरा टनांना ती पावणेनऊ टन हवी. तुमच्या नायलॉनच्या दोरीवर तिची ताकद कुठे लिहिलेली आहे का, ते बघा.

हा नियम अमेरिकेचा आहे. ह्यूम पाइपांसाठी असा स्वतंत्र तपशीलवार नियम आपल्याकडे नाही, त्यामुळे नाक्यावर तो दाखवून कुणी तालांव देणार नाही. मी तो इतका सविस्तर सांगितला, कारण पाइप तिकडचा असो की कुंडईचा, गडगडतो सारखाच.

प्रश्न : माझे यजमान ट्रक चालवतात. मोठ्या पाइपांच्या पोटात लहान पाइप घालून एकाच फेरीत न्यायला कंत्राटदाराचा माणूस सांगतो. नाही म्हटलं तर दुसरी गाडी बोलावतो. परवा चढणीवर आतला पाइप मागून हातभर बाहेर आला, मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं. काही झालं तर जबाबदार कोण, माझे यजमान की तो माणूस?
वाळपई

उत्तर : ताई, दोघंही. पण सोसावं लागतं ते आधी स्टिअरिंगवर असलेल्याला, आणि हे मला कधीच पटलेलं नाही. वर सांगितलेल्या कलम १९४ मध्ये गाडी चालवणारा जसा आहे, तसाच ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही आहे. म्हणजे ‘घाल आणि जा’ म्हणणाऱ्याला कायद्याने मोकळं सोडलेलं नाही. तो मोकळा सुटतो कारण त्याचं बोलणं तोंडी असतं. म्हणून यजमानांना सांगा, पाइप चढवून झाल्यावर गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढायचे आणि त्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. सोबत एकच ओळ : ‘लहान पाइप आतून अडवलेले नाहीत, असं नेणं धोक्याचं आहे, काय करू?’ भांडण नको, आवाज चढवायला नको. असा प्रश्न लेखी आला की हट्ट करणारे बरेच जण स्वतःच पाइप काढायला सांगतात.

तीनशे मिलिमीटरचा एनपी-३ पाइप पाव टनाच्या आसपास भरतो. मोठा पाइप बाहेरून कितीही आवळला तरी आतल्याला काहीच धरत नाही, आणि आत त्याची वाट गुळगुळीत गोल आहे. लांबीत ठेवलेल्या पाइपांतून तो चढणीवर मागे सुटतो, उतारावर आणि ब्रेकला केबिनवर येतो. आडव्या ठेवलेल्या पाइपांतून वळणावर बाजूने निघतो, आणि केरीहून चोर्ल्याकडे चढताना वळणं किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. आत पाइप न्यायचाच असेल तर दोन्ही टोकांना तो लाकडाने ठेचून बसवावा लागतो, त्याच्या पोटातून वेगळी साखळी काढून गाडीला बांधावी लागते, आणि त्याचं वजन हिशेबात धरावं लागतं. इतकं सगळं करण्यात फेरीएवढाच वेळ जातो. माझं मत विचाराल तर नेऊच नये.

निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. यजमान ‘नाही’ म्हणतील तेव्हा ती फेरी जाईल, घरात चार पैसे कमी येतील, आणि त्या वेळी तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या राहाल म्हणून लिहितो. पत्र तुम्ही लिहिलंत, यावरून ते तुम्ही कराल असं वाटतं.

प्रश्न : दोरी, साखळी की रॅचेटचा बेल्ट? मालक म्हणतो तिन्ही सारखेच, बांधणाऱ्याचा हात चांगला हवा.
ड्रायव्हर, डिचोली

उत्तर : हात चांगला हवाच, पण तिन्ही सारखे नाहीत. नायलॉनची दोरी ताण आला की लांबते. गाठ मारली की तिथे तिची ताकद बरीच घटते, आणि तुम्ही किती ताणली हे मोजायला काही साधन नाही. ताडपत्री बांधायला ती चांगली, पाइपला नाही. बेल्ट घ्या तो लेबल असलेला. त्यावर सुरक्षित भार लिहिलेला असतो, तोच धरायचा. विकणारा तुटण्याचा भार सांगतो, तो आकडा खूप मोठा असतो आणि आपल्या कामाचा नसतो. लेबल फाटलं, कड कापली गेली किंवा कापडाला गाठ मारली, की बेल्ट बाद. सिमेंटच्या कडेवरून बेल्ट थेट नेऊ नका, दोन-चार खड्ड्यांत ती कड त्याला करवतते. जुन्या टायरचा हातभर तुकडा मध्ये घाला. मी स्वतः पाइपांसाठी साखळी आणि तिला आवळायला लोड बाइंडर यांच्याच बाजूचा आहे. साखळीखालीही टायरचा तुकडा हवा, नाहीतर पाइपची कड उडते.

आणि बांधून झालं म्हणजे संपलं असं नाही. अमेरिकेत पहिल्या पन्नास मैलांच्या आत एकदा थांबून बांधणी तपासायला सांगतात. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर, आपली फेरी बहुधा तेवढी नसतेच. म्हणून तुम्ही दहा किलोमीटरवर थांबा, आणि घाट उतरायच्या आधी पुन्हा एकदा. करमळ घाटाच्या किंवा अनमोडच्या माथ्यावर गाडी बाजूला घेऊन प्रत्येक साखळीला हात लावायचा, प्रत्येक ठोकळ्यावर पाय मारून बघायचा. पावसात लाल माती पाट्यावर असेल तर भरायच्या आधी धुऊन काढा, तिच्यावर ठोकळा बसत नाही.

प्रश्न : रोज स्कूटरने बोरीच्या पुलावरून शाळेत जाते. पुढे पाइपांची गाडी असली की काय करावं?
शिक्षिका, शिरोडा

उत्तर : मागे राहा, भरपूर मागे, आणि पुलावर ओव्हरटेक करू नका. गाडीच्या कडेला कडेने तर कधीच चालवू नका, लांबीत ठेवलेला पाइप गडगडतो तो बाजूलाच. ठोकळा सुटलेला किंवा साखळी लोंबताना दिसली, तर गाडी थांबेल तिथे ड्रायव्हरला सांगा, नाहीतर ११२ ला फोन करून गाडीचा नंबर आणि जागा कळवा. बाई, तुमच्यासारख्या कुणी सांगितलं तर ड्रायव्हर ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यावर गटाराचे पाइप आले. हायड्रा (लहान क्रेन) वेळेवर आली नाही म्हणून मजुरांनी मागचा फाळका पाडून पाइप टायरांच्या ढिगावर ढकलले. एकाचा पाय थोडक्यात वाचला. आता उरलेले पाइप रस्त्याकडेला उतारावर पडून आहेत आणि पोरं त्यांत लपंडाव खेळतात. पंचायतीने काय करावं?
पंच, सांगे तालुका

उत्तर : आधी पोरांचं. आजच्या आज प्रत्येक पाइपच्या उताराकडच्या अंगाला दोन आणि वरच्या अंगाला एक असे लाकडी ठोकळे लावायला सांगा. पाइप एकावर एक असतील तर खाली उतरवून एकाच थरात ठेवायला लावा. शक्य असेल तिथे पाइप रस्ता बघून नव्हे, उतार बघून, उताराच्या दिशेनेच लांब करून ठेवावा, म्हणजे तो गडगडणारच नाही. भोवती पट्टी लावा आणि कंत्राटदाराला पंचायतीच्या लेटरहेडवर लेखी कळवा, तारीख घालून, पोच घेऊन.

आता उतरवण्याचं. प्रवासात माल हलून पाइप फाळक्याला रेलून बसलेला असतो. फाळका हीच त्याची शेवटची आड. कडी काढली की अडीच टन थेट कडी काढणाऱ्याच्या अंगावर. म्हणून फाळक्याला हात लावायच्या आधी गाडी सपाट जागेवर आहे का बघायचं, फटीतून डोकावून पाइप कुठे टेकलाय ते बघायचं, आणि तो टेकलेला असेल तर हायड्राच्या पट्ट्यात पाइप घेतल्याशिवाय कडी काढायची नाही. साखळ्या सगळ्या एकदम सोडायच्या नाहीत. जो पाइप उचलायचा त्याला आधी पट्टा, पट्ट्याला ताण, मग त्याची साखळी. सोडणारा माणूस पाइप ज्या बाजूला गडगडू शकतो तिच्या उलट बाजूला उभा हवा. दोन थर असतील तर वरचा थर पूर्ण उतरल्याशिवाय खालच्याचा ठोकळा काढायचा नाही. नारळांच्या राशीतला खालचा नारळ ओढला की काय होतं, तेच इथे टनांनी होतं.

टायरांवर पाइप ढकलायची रीत बंद करा. पाइपला आतून तडा जातो तो वरून दिसत नाही, आणि ढकलणाऱ्याचं तोल जाण्याचं ठिकाण नेमकं हौद्याच्या काठावर असतं. हायड्रा आली नाही, तर गाडी तशीच बांधलेली उभी राहू द्या. खोटीचे (गाडी अडकून राहिल्याचे) पैसे कोणी द्यायचे, हे कामाच्या आदेशातच लिहून घ्या. ते लिहिलेलं नसतं म्हणून ड्रायव्हर घाई करतो आणि मजूर फाळका पाडतात. पुढच्या कामाच्या निविदेत पंचायतीने दोन ओळी घालाव्यात : पाइप क्रेननेच उतरवायचे, आणि क्रेन येईपर्यंत थांबलेल्या गाडीचं भाडं कंत्राटदाराकडे.